हुंडणावळीचा भत्ता: इंग्रज साहेबांना जादा पगाराचा हक्क होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८९३ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या गोऱ्या नोकरांना एक जादा भत्ता चालू केला, एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स, म्हणजे हुंडणावळीचा (रुपया-पौंडाच्या विनिमय दराचा) भत्ता. त्यावर पंचवीसेक वर्षं भांडण चाललं. दादाभाई, गोखले, वाच्छा सगळे त्यात उतरले, तरी शाळेच्या पुस्तकात याला एक ओळही मिळत नाही. या विषयावर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय.

हा भत्ता नेमका कशाचा होता?

रुपया पडल्याची भरपाई. साहेबाचा पगार ठरलेला रुपयात, आणि बायको-मुलं, मुलांची शाळा, विम्याचे हप्ते, म्हातारपणाचं घर हे सगळं इंग्लंडात, म्हणजे पौंडात. रुपया पडला की घरी पोचणारे पौंड कमी व्हायचे. ते नुकसान सरकारने तिजोरीतून भरून द्यायचं, एवढाच हिशोब.

रुपया पडला कशामुळे?

रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० च्या आधी एका रुपयाला साधारण २ शिलिंग मिळायचे, म्हणजे १० रुपयांना १ पौंड, सरळ हिशोब (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स). मग १८७१ नंतर जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळली, तिच्यामागे युरोपातले इतर देश, चांदी बाजारात आली आणि तिचा भाव उतरत गेला. त्यासोबत आपला रुपयाही घसरला. १८९२ च्या सुमाराला तो १ शिलिंग ३ पेन्सवर आला आणि १८९४-९५ मध्ये तर १ शिलिंग १ पेनीच्या आसपास. आधी ज्या पौंडाला १० रुपये लागत त्याला आता १८ च्या वर लागू लागले.

साहेबांचं जाऊ द्या, सरकारचंच कंबरडं मोडलं होतं. होम चार्जेस (पेन्शन, कर्जाचं व्याज असा इंग्लंडातला खर्च) म्हणून दरवर्षी दीड कोटी पौंडांहून जास्त रक्कम लंडनला जायची, ती पौंडातच द्यायची, आणि महसूल मात्र रुपयात गोळा व्हायचा. हा खड्डा भरायला १८८६ ला इन्कम टॅक्स बसवला, १८८८ ला मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये केला. ही मिठाची गोष्ट पुढे परत लागणार आहे.

मग सरकारने काय केलं?

लॉर्ड हर्शेलच्या कमिटीने सल्ला दिला आणि २६ जून १८९३ ला टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, ते थांबलं. हेतू असा की रुपये दुर्मिळ झाले की त्यांचा भाव चढेल. तसा तो चढलाही, पण चार-पाच वर्षांनी, १ शिलिंग ४ पेन्सपर्यंत. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला डी.एस्सी.साठी जो प्रबंध लिहिला तो याच रुपयाच्या प्रश्नावर, ज्यांना चलनाची बाजू खोलात समजून घ्यायचीय त्यांनी तिकडून सुरुवात करावी.)

टांकसाळी बंद झाल्या त्याच वर्षी भत्ताही मंजूर झाला. व्हाइसरॉय लॅन्सडाउन होते.

भत्ता कसा मोजायचे? उदाहरण देऊन सांगा.

नियम असा: तुमचा अर्धा पगार तुम्ही घरी पाठवता असं धरायचं. त्या अर्ध्या पगाराला रुपयामागे १ शिलिंग ६ पेन्स हा खास दर लावायचा, आणि बाजारातला दर त्याच्याखाली असेल तर फरक सरकारने द्यायचा. मर्यादा एकच, खास दराने पाठवायची रक्कम वर्षाला १,००० पौंडांच्या वर जायला नको.

समजा एका साहेबाचा पगार महिना १,००० रुपये. अर्धे ५००. १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने ५०० रुपयांचे होतात ३७ पौंड १० शिलिंग. बाजारात दर आहे १ शिलिंग १ पेनी, त्या दराने ३७ पौंड १० शिलिंग घ्यायला ६९२ रुपये लागतात. म्हणजे साहेबाला पगारावर आणखी १९२ रुपये, दर महिन्याला. पगार एकोणीस टक्क्यांनी वाढला, आणि काम तेच, हुद्दा तोच.

दर सुधारून १ शिलिंग ४ पेन्स झाला तरी या साहेबाला ६२ रुपये ८ आणे मिळतच राहतात, कारण तुलना १ शिलिंग ६ पेन्सशी आहे. आणि १,००० पौंडांची मर्यादा गाठायला पगार महिना २,२०० च्या वर असावा लागायचा, तेव्हा ती फक्त वरच्या लोकांना लागायची, बाकी सगळ्यांना पूर्ण सूत्राने पैसे.

हक्क कुणाला होता आणि कुणाला नव्हता?

भांडणाचं मूळ इथेच आहे. हक्क होता हिंदुस्थानात कायमचं वास्तव्य नसलेल्या युरोपियन आणि युरेशियन (मिश्र वंशाच्या) नोकरांना, म्हणजे ज्यांचं डोमिसाइल (कायद्याने कायमचं घर) बाहेरचं. हिंदी माणसाला नाही. इथेच स्थायिक झालेल्या गोऱ्यालाही नाही.

हे नीट बघा. सत्येंद्रनाथ ठाकूर १८६३ ला लंडनची परीक्षा पास होऊन सनदी नोकरीत आलेले पहिले हिंदी, त्यांची सगळी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली, शेवटी साताऱ्याला सेशन्स जज्ज होते, १८९७ ला निवृत्त झाले. परीक्षा तीच, करारनामा तोच, कोर्टात खुर्ची तीच. शेजारच्या जिल्ह्यातल्या गोऱ्या जज्जाला भत्ता, आणि नियमाप्रमाणे ठाकूर त्याच्या बाहेर. ज्या नोकरीत निदान कागदावर तरी गोऱ्याकाळ्याचा पगार सारखा होता तिथेसुद्धा या भत्त्याने फट पाडली, आणि ती रंगाने नाही, डोमिसाइलने पाडली असं सांगायची सोय झाली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

पण साहेबाचं नुकसान तर खरंच होत होतं ना?

हो, काहींचं होत होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १८७० ला जो पोरगा विशीत इकडे आला त्याने २ शिलिंगचा रुपया धरून आयुष्य आखलं होतं. पंचवीसेक वर्षांनी त्याची मुलं इंग्लंडात शिकत होती आणि त्याच पगाराचे निम्मे पौंड होऊ लागले होते. त्याने ओरड केली तर ती खोटी नव्हती.

पण तीन गोष्टी विसरू नका. एक, त्याचा इथला खर्च रुपयातच होता, बटलर, घोडा, बंगल्याचं भाडं, कोंबड्या-अंडी, आणि त्या रुपयाची इथल्या बाजारातली किंमत काही अर्ध्यावर आली नव्हती. दोन, सनदी नोकराचं पेन्शन वर्षाला १,००० पौंड, पौंडातच ठरलेलं, रुपया कितीही पडला तरी त्याला धक्का नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, जो माणूस १८९० किंवा १८९२ ला नोकरीला लागला त्याला रुपया कितीला आहे हे माहीत होतं, पडलेला रुपया बघूनच त्याने सही केली, मग त्याचं नुकसान कसलं? भत्ता मात्र १८७० वाल्याला आणि १८९२ वाल्याला एकाच सूत्राने.

जुन्या लोकांपुरता हा भत्ता असता तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. दिलेल्या शब्दाची भरपाई म्हणून तो शोभला असता. पण तो दिला गेला डोमिसाइल बघून, करार बघून नाही, आणि म्हणून तो भरपाई राहिला नाही, एका जमातीला दिलेली पगारवाढ झाला.

पैसे खरंच घरी पाठवावे लागायचे का?

अर्धा पगार जातो असं धरलेलं होतं, बस. कुणी ब्रह्मचारी असेल, सगळा पगार इथेच उडवत असेल, तरी हिशोबाचं सूत्र तेच.

गोखल्यांचा यात काय संबंध?

१८९५ ला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन नेमलं. दादाभाई नौरोजी त्याचे मेंबर होते, सोबत हिंदुस्थानच्या बाजूने बोलणारे ब्रिटिश, वेडरबर्न आणि केन. कमिशनपुढे साक्ष द्यायला १८९७ च्या एप्रिलमध्ये लंडनला चार हिंदी लोक होते: मुंबईचे दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले. डेक्कन सभा म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी आदल्याच वर्षी काढलेली संस्था, आणि गोखल्यांची आकड्यांची तयारीही रानड्यांच्याच तालमीत झालेली.

गोखले तेव्हा ३० वर्षांचे. फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून पगार महिना ७५ रुपये आणि वीस वर्षं याच पगारावर शिकवायची शपथ. वरच्या उदाहरणातल्या साहेबाचा नुसता भत्ता १९२ रुपये, म्हणजे गोखल्यांच्या अडीच महिन्यांच्या पगाराहून जास्त. हा माणूस इंग्रज लॉर्ड लोकांसमोर बसून, उलटतपासणी सहन करत, खर्चाची एक एक बाब आकड्यांनी मांडतो, आणि त्यात या भत्त्यालाही सोडत नाही. मुद्दा वर दिलाय तोच: नोकरीच्या अटी काय होत्या हे न बघता सरसकट सगळ्यांना दिला, आणि जनतेवर कर वाढत असताना दिला.

भत्ता त्यामुळे बंद झाला का? नाही. कमिशनचा रिपोर्ट १९०० ला आला, दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी वेगळं मत नोंदवलं, पण भत्ता चालूच राहिला.

दादाभाईंचं म्हणणं वेगळं होतं का?

थोडं वेगळं, आणि माझ्या मते जास्त खोल. ते म्हणायचे की हुंडणावळ हा खरा रोग नाहीच. रुपया २ शिलिंगवर असतानाही इथला पैसा पगार-पेन्शनच्या रूपाने बाहेर जातच होता, रुपया पडल्यावर तो नुसता जास्त बोचू लागला. बाहेर पैसे पाठवायचेच नसते तर रुपया कितीही पडो, कुणाला काय फरक पडला असता? १८९३ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन झालं त्याचे अध्यक्ष तेच होते. त्या वर्षांतल्या काँग्रेसच्या व्यासपीठावरून या भत्त्याचा निषेध झाला.

हा पैसा आला कुठून?

तुमच्याआमच्या पणजोबांच्या खिशातून, दुसरं कुठून येणार. भत्त्याचा बोजा वर्षाला कोटी रुपयांच्या घरात सांगितला जायचा. आणि साल काय चाललंय बघा. मिठावरचा अडीच रुपये कर तसाच आहे. १८९४ ला तिजोरीत खड्डा म्हणून आयात माल परत करपात्र केला. मग मॅंचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला तर समतोल म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या मालावरच कर बसवला, १८९६ पासून गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के. त्याच १८९६ ला मुंबईत प्लेग, आणि त्याच पावसाळ्यानंतर दख्खनमध्ये दुष्काळ. सोलापूर-नगरकडचा शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडतोय, मीठ घेताना कर भरतोय, आणि त्याच तिजोरीतून साहेबाचं विनिमयाचं नुकसान भरून निघतंय. रुपया पडल्यामुळे सरकारचा खर्च वाढला म्हणून या शेतकऱ्यावर कर वाढला, म्हणजे पडलेल्या रुपयाचा फटका त्यालाही बसला होता, पण त्याच्या भरपाईचा फॉर्म कुणी काढला नाही.

गोरा आहे पण इथेच जन्मला, त्याचं काय?

इथे खूप वाद व्हायचे आणि व्हायलाच हवेत अशी नियमाची रचना होती. डोमिसाइल जन्माच्या गावावरून ठरत नाही, जन्मतः ते बापाचं लागतं, आणि बदलायचं तर एखाद्या देशात कायमचं राहायचा इरादा दिसावा लागतो. म्हणजे पुण्यात जन्मलेला कलेक्टरचा मुलगा बाहेरचा, कारण बाप नोकरीपुरता आलेला. आणि रेल्वेतल्या ज्या कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या भुसावळ किंवा इगतपुरीला गेल्या ते इथलेच. मग माणूस दाखवू पाहणार की माझा इथे राहायचा विचार नाही, निवृत्तीनंतर मी इंग्लंडला जाणार. इराद्यावर पगार ठरवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार. युरेशियन लोकांची तर सगळ्यात जास्त ओढाताण, आज ज्यांना आपण अँग्लो-इंडियन म्हणतो ते: इथलं म्हणवून घेतलं तर भत्ता गेला, बाहेरचं म्हणवून घ्यायचं तर पुरावा आणा.

हिंदी नोकराने पगारावरून भांडून जिंकल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे आणि फार सुंदर आहे. भत्त्याच्या आधीचं आहे, पण मुद्दा तोच. जगदीशचंद्र बोस १८८५ ला केंब्रिज-लंडनचं शिक्षण घेऊन कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्सचे प्रोफेसर झाले. शिक्षण खात्याचे डायरेक्टर सर आल्फ्रेड क्रॉफ्ट आणि प्रिन्सिपॉल टॉनी दोघेही या नेमणुकीवर नाराज होते, वरून व्हाइसरॉय रिपनची शिफारस होती म्हणून घ्यावं लागलं. तेव्हा पद्धत अशी की हिंदी प्रोफेसरला गोऱ्याच्या दोन-तृतीयांश पगार. त्यात बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या इंग्रजाला ३ रुपये तर बोसांना १.

बोसांनी काय केलं? शिकवणं एक दिवस थांबवलं नाही, पण पगारही घेतला नाही. तीन वर्षं. घरी वडिलांचं कर्ज होतं, मधे १८८७ ला लग्न झालं, तरीही नाही. शेवटी तेच क्रॉफ्ट आणि टॉनी त्यांच्या कामाने वळले, नेमणूक मागील तारखेपासून कायम झाली आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो त्यांनी वडिलांचं कर्ज फेडण्यात घातला.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी जादा काहीच मागितलं नव्हतं. कामाचा जो दर आहे तो द्या, एवढंच. म्हणून समोरच्याला उत्तर देता आलं नाही.

साहेब किंवा हिंदी नोकर, कुणी कोर्टात जाऊ शकत होतं का?

जाऊ शकायचे पण हाती काही लागायचं नाही. तत्त्व असं होतं की सरकारी नोकर राजाच्या मर्जीवर नोकरी करतो, पगार ही कृपा आहे, त्यासाठी राजावर दावा लागत नाही. त्यामुळे सगळा मामला अर्जांवर चालायचा, खात्यामार्फत वर, तिथून गव्हर्नर, तिथून लंडनला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री. गोऱ्यांच्या अर्जाला लंडनमध्ये कान होते, क्लबातले ओळखीचे होते, पार्लमेंटात प्रश्न विचारणारे होते. आपल्या माणसाचा अर्ज गेला की गेला.

हे तत्त्व किती चिवट होतं बघा. आय. एम. लाल नावाचे पंजाबातले आयसीएस (सनदी) अधिकारी, १९४० ला नोकरीतून काढले. ते लढत लढत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत गेले. १९४८ च्या मार्चमध्ये निकाल लागला: काढून टाकणं बेकायदा, कारण म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती. पण थकलेला पगार? तो मागता येणार नाही. नोकरी होती हे मान्य, त्या नोकरीचा पगार मात्र कोर्टातून नाही. देश स्वतंत्र होऊन सात महिने झाले होते.

शेवटी आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५४ ला अब्दुल मजीद यांच्या केसमध्ये हे मोडलं. मजीद बिहार पोलिसात सब-इन्स्पेक्टर होते, बडतर्फीनंतर परत घेतलं पण मधल्या काळाचा पगार देईनात. कोर्टाने सांगितलं, केलेल्या नोकरीचा पगार हा हक्क आहे, इंग्लंडच्या राजाचा तो जुना नियम इथे चालणार नाही. आज कुणी एरिअर्ससाठी ट्रायब्युनलमध्ये जातो तो याच रस्त्याने.

भत्ता कधी बंद झाला?

१९१२ ला नोकऱ्यांच्या चौकशीसाठी इस्लिंग्टन कमिशन नेमलं. त्यात गोखले स्वतः मेंबर होते, आणि आपले पुण्याचे महादेव भास्कर चौबळही. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले, रिपोर्ट पुढे १९१७ ला छापला गेला. पहिल्या महायुद्धानंतर पगार नव्याने बांधले त्यात हा भत्ता वेगळा म्हणून उरला नाही.

पण खरं सांगायचं तर त्याचं नाव बदललं. त्याच्या जागी आला ओव्हरसीज पे. मग १९२४ ला वरच्या नोकऱ्यांवरच्या ली कमिशनचा रिपोर्ट आला: ओव्हरसीज पे २ शिलिंगच्या दराने घरी पाठवायची मुभा, वर अधिकारी आणि बायकोला नोकरीभरात विलायतेचे चार रिटर्न प्रवास फुकट, मुलांना एकेक एकेरी. बाजारात २ शिलिंगचा रुपया तेव्हा नव्हताच. त्याच रिपोर्टात सनदी नोकरीत पंधरा वर्षांत निम्मे हिंदी करायचीही शिफारस होती, ती चांगली, आणि लोकांना तेवढीच आठवते.

आयटीवाल्यांना ऑनसाइटला जादा पैसे मिळतात, तसंच नाही का हे?

नाही. ऑनसाइटचे पैसे कंपनी देते आणि क्लायंटकडून वसूल करते, दोघंही राजीखुशीने. इथे पैसे ज्याच्याकडून घेतले त्याला विचारलं नव्हतं, आणि विचारायला सभागृहातही तो नव्हता.

आमचे पणजोबा मुंबई इलाख्यात नोकरीला होते, त्यांचा पगार किती होता ते कुठे सापडेल?

राजपत्रित हुद्दा असेल तर मुंबई सरकारची छापील सिव्हिल लिस्ट बघा, त्यात नाव, हुद्दा, ठिकाण, पगार सगळं असतं, मोठ्या जुन्या लायब्ररीत प्रती मिळतात. खालच्या हुद्द्यांसाठी खात्याची दफ्तरं चाळावी लागतात: मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, आणि पुण्याचं पुराभिलेखागार, जे आपण पेशवे दफ्तर म्हणून ओळखतो. जाताना खात्याचं नाव, जिल्हा आणि साधारण साल लिहून न्या, नुसत्या आडनावावर तिथे काही निघत नाही. आणि एकाच जागेवर आधी गोरा, मग हिंदी असे दोघं असतील तर दोघांच्याही ओळी उतरवून घ्या.